निळ्या अंगावर सोनेरी काठ

वाचकाचे पत्र

माझ्या एकुलत्या एका लेकीचे लग्न येत्या माघ महिन्यात मिरजेत करायचे ठरले आहे. ती पुण्यात नोकरी करते आणि लग्नातले सगळे काही निळ्या आणि सोनेरी रंगातच हवे, असा तिचा हट्ट आहे. आतापर्यंत ठरले आहे ते असे: निळी-सोनेरी पत्रिका, व्यासपीठामागे रॉयल ब्लू साटिनचा पडदा आणि त्याला सोनेरी झालर, खुर्च्यांना सोनेरी फिती, होणाऱ्या जावयांना सोनेरी जरीकामाची शेरवानी, लेकीला सोनेरी ब्रोकेडचे ब्लाउज आणि गळ्यात माझा कोल्हापुरी साज, मोहनमाळ व लक्ष्मीहार असे तिन्ही. पत्रिकेचा नमुना छापून आला, तेव्हा सोनेरीच्या जागी मोहरीचा रंग उतरला होता आणि निळा जांभळा झाला होता. सासूबाई म्हणतात की गडद निळा हा काळ्याचाच भाऊ, तो शुभकार्यात नको. शेवटचा आणि मला सर्वांत जड जाणारा प्रश्न माझ्या आईच्या पैठणीचा. तिने १९७१ साली स्वतःच्या लग्नात नेसलेली ही गडद निळी, खऱ्या जरीची पैठणी माझ्याकडे आहे आणि ती कापून स्वागतसमारंभासाठी लेहंगा शिवावा, असे लेक म्हणते. हे सगळे मिळून नाटकातल्या दरबारासारखे तर दिसणार नाही ना?

एक वाचक, मिरज

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून झाल्यावर मी कागदावर एक साधी मोजणी केली. आपल्या यादीत निळा रंग तीन ठिकाणी आहे, पत्रिकेत, पडद्यात आणि पैठणीत. आणि सोनेरी मात्र सात ठिकाणी आहे: पत्रिका, झालर, फिती, शेरवानी, ब्लाउज, दागिने आणि पैठणीची जर. आपल्याला जी दरबाराची भीती वाटते तिचे मूळ या हिशेबात आहे. लेकीची रंगांची निवड उत्तम आहे, त्या निवडीबद्दल तिच्याशी वाद घालू नये. वाद घालायचाच तर तो सोन्याच्या प्रमाणाबद्दल घालावा, आणि त्यासाठी आपल्या घरातली पैठणी हाच सर्वांत चांगला पुरावा आहे.

ती पैठणी एकदा पलंगावर पूर्ण उलगडून पाहावी. साडीचा पन्हा साधारण शेहेचाळीस इंच धरला आणि दोन्ही काठ तीन-तीन इंचांचे धरले, तर रुंदीतले सहा इंच सोन्याचे आणि चाळीस इंच निळ्याचे होतात. म्हणजे अंगावर सोन्याचा वाटा जेमतेम आठव्या हिश्शाएवढा असतो. बुट्ट्या धरल्या तरी तो फारसा वाढत नाही. पदरावर मात्र हा हिशेब एकदम उलटतो. तेथे जरीची जमीन असते आणि तिच्यावर मोर, आसावली, मुनिया रंगीत रेशमाने विणलेले असतात. याचा अर्थ असा की विणकराने अंगावर रंगावर सोने ठेवले आणि पदरावर सोन्यावर रंग ठेवला, पण सोन्यावर सोने कोठेही ठेवले नाही. युरोपातील सरदार घराण्यांच्या ढालींवर जी कुलचिन्हे काढली जात, त्यांच्या शास्त्रातही हाच नियम शतकानुशतके पाळला गेला आहे: सोने आणि चांदी हे ‘धातू’, निळा, तांबडा, हिरवा, काळा हे ‘रंग’, आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. फ्रान्सच्या राजघराण्याची निळ्या ढालीवरची सोनेरी लिलीची फुले त्याच नियमात बसतात. रणांगणावर लांबून चिन्ह ओळखू यावे, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता, आणि लग्नाच्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांची अडचण त्याहून फार वेगळी नसते.

आता हा नियम आपल्या यादीला लावून पाहावा. सोनेरी जरीच्या पैठणीखाली सोनेरी ब्रोकेडचे ब्लाउज, त्यावर सोन्याचे तीन हार आणि शेजारी सोनेरी शेरवानी, म्हणजे धातूवर धातू चार वेळा झाला. छायाचित्रात या सगळ्याचा मिळून एक पिवळसर पट्टा दिसेल आणि ज्या दागिन्यांसाठी आपण बँकेच्या लॉकरपर्यंत जाणार, ते त्या पट्ट्यात हरवून जातील. म्हणून ब्रोकेडचे ब्लाउज सर्वप्रथम रद्द करावे. पदरावरच्या मुनियाच्या चोचीत किंवा मोराच्या तुऱ्यात जो डाळिंबी, कुंकवी वा राणी रंगाचा धागा असेल, तो निवडून त्याच रंगाचे साधे रेशमी ब्लाउज शिवावे. बाहीला हवा तर बोटभर काठ असू द्यावा. दागिन्यांपैकी साज ठेवावा, कारण त्याच्या नक्षीला स्वतःचा आकार आहे आणि निळ्या रेशमावर तो लांबूनही ओळखू येतो. मोहनमाळ आणि लक्ष्मीहार घरातल्या इतर बायकांनी घालावेत. गळ्याशी आणखी काही हवेच असेल, तर मोत्यांची चिंचपेटी किंवा तन्मणी घालावा. निळा, सोनेरी आणि मोत्याचा पांढरा हे त्रिकूट आपल्याकडे नवे नाही, आणि दोन चकाकत्या वस्तूंच्या मध्ये डोळ्याला विसावा देण्याचे काम मोती जितके चांगले करतात तितके दुसरे काही करत नाही. नथ मोत्यांचीच असते, त्यामुळे ती आपोआप या मेळात बसते.

हिरव्या चुड्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण लेक विचारीलच, म्हणून आधीच सांगते. निळ्या-सोनेरी योजनेत बसत नाही म्हणून चुडा वगळण्याचा किंवा निळ्या बांगड्या भरण्याचा विचार कृपया कोणी करू नये. निळा, हिरवा आणि सोनेरी एकत्र कसे नांदतात हे पाहायला आपल्याच पदरावरचा मोर पुरेसा आहे.

सोने आणि निळा यांचे इतके का जमते, याचे एक कारण थेट पदार्थविज्ञानात आहे आणि ते मला फार आवडते. सोन्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातला निळा भाग सोने शोषून घेते आणि तांबडा-पिवळा भाग परत पाठवते. म्हणूनच चांदीसारखे पांढरे न दिसता ते पिवळे दिसते. म्हणजे सोन्याला जो रंग देता येत नाही, नेमका तोच आपण त्याच्याखाली अंथरतो. लाजवर्द नावाचा जो निळा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून हजारो वर्षे जगभर जात आला, त्याच्या निळ्या अंगात माक्षिक खनिजाचे सोनेरी ठिपके असतात. इजिप्तच्या तूतनखामेनचा सुवर्णमुखवटा, इटलीत राव्हेना येथील गाला प्लासिडियाच्या पाचव्या शतकातल्या समाधिमंदिराचे निळ्या छतावरचे सोनेरी तारे, किंवा निळीने रंगवलेल्या चर्मपत्रावर सोन्याने लिहिलेले हजारएक वर्षांपूर्वीचे कुराण, या सगळ्यांनी हीच जोडी वापरली. त्यांपैकी आपल्या कामाचे उदाहरण मला राव्हेनाचे वाटते, कारण तेथे सोने लहान-लहान तुकड्यांत विखुरलेले आहे आणि मधल्या निळ्या अंधारामुळेच त्याचे तारे झाले आहेत.

सासूबाईंचे म्हणणे उडवून लावू नये. शुभकार्यात काळा टाळण्याची रीत आहे आणि रात्रीच्या पिवळ्या दिव्यांत गडद निळा खरोखरच काळा दिसतो, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी आहे. नीलम हे शनीचे रत्न मानले जाते, त्याचाही धाक अनेक घरांत असतो. पण निळ्या-पिवळ्याची जोडी आपल्या परंपरेत सर्वांत आधी कोठे दिसते, हे त्यांना आपण नम्रपणे विचारावे. मेघश्याम विष्णू आणि त्याच्या कमरेचा पीतांबर यांच्याहून जुने उदाहरण मला ठाऊक नाही, आणि पंढरपूरला जाऊन आलेल्या कोणत्याही आजींना ते पटवून द्यावे लागत नाही. एवढ्यावरही त्यांचे मन मानले नाही, तर विधींच्या वेळी पिवळी अष्टपुत्री आणि अक्षता पडताना त्यांच्या पसंतीचा रंग ठेवावा, आणि निळी पैठणी संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला नेसवावी. त्यामुळे लेकीचा हट्टही पुरतो आणि लग्नघरात आठवडाभर अबोला धरला जात नाही. (लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला याच सासूबाई नातीसाठी हौसेने काळी साडी आणि हलव्याचे दागिने आणतील, हे मला ठाऊक आहे, पण तो मुद्दा वादात वापरू नये, तो वर्षभर राखून ठेवावा.)

आता दिव्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण निळ्या-सोनेरी योजना बहुतेक वेळा कापडाच्या दुकानात बिघडत नाहीत, सभागृहात बिघडतात. माझ्या पुतणीच्या स्वागतसमारंभात हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आम्ही दिवसाच्या उजेडात निवडलेला सुंदर शाईसारखा निळा पडदा संध्याकाळी सभागृहाच्या पिवळ्या दिव्यांखाली कोळशासारखा दिसू लागला. सजावटवाल्यांना ते दाखवल्यावर त्यांनी उपाय म्हणून निळे एलईडी दिवे लावले, आणि मग पडदा निळा झाला खरा, पण त्याबरोबर पाहुण्यांचे चेहरेही निळे झाले आणि सोन्याचे दागिने करड्या पितळेसारखे दिसू लागले. त्या दिवशीची छायाचित्रे आमच्याकडे कोणी फारशी काढत नाही.

असे होण्याचे कारण सोपे आहे. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर असतो. त्याच्या उजेडात निळा भाग कमी असल्याने सोने खुलते आणि निळा मरतो. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा निळ्याला उचलतो, पण सोन्याची ऊब काढून घेतो. या दोहोंच्या मध्ये ४००० केल्विनचा दिवा मिळतो आणि आपल्या योजनेला तोच लागतो. शिवाय रंग किती खरे दिसतील हे सांगणारा जो सीआरआय नावाचा आकडा असतो, तो ९० किंवा त्याहून अधिक असलेले दिवे निदान वधूवर उभे राहतात त्या जागेवर लावायला सांगावे. सभागृह आरक्षित करताना जेवणाच्या पंगतींबद्दल आपण जितके प्रश्न विचारतो, त्यांतला एक प्रश्न दिव्यांबद्दल विचारला तर पुढचे अर्धे संकट टळते. एखाद्या संध्याकाळी पडद्याच्या कापडाचा मीटरभर तुकडा आणि पैठणी घेऊन त्याच सभागृहात जावे, दिवे लावायला सांगावे आणि डोळ्यांनी पाहून खात्री करावी.

मोबाइलवरच्या छायाचित्रांवर या बाबतीत विसंबू नये. लेक पुण्यात आणि आपण मिरजेत, त्यामुळे कापडांची छायाचित्रे दिवसभर इकडून तिकडे जात असणार. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाच्या छायाचित्रावरून जगभर वाद झाला होता, तो आपल्याला आठवत असेल. कोणाला तो पोशाख पांढरा-सोनेरी दिसत होता, तर कोणाला निळा-काळा. प्रत्यक्षात तो निळा-काळा होता. स्कॉटलंडमधल्या एका लग्नात घालण्यासाठी वधूच्या आईने तो पाहिला होता आणि छायाचित्र काढून लेकीला पाठवले होते, म्हणजे जे आपण आज करत आहात नेमके तेच. समोरच्या वस्तूवर सावलीचा निळसर उजेड पडला आहे की दिव्याचा पिवळा, याचा अंदाज मेंदू स्वतःच बांधतो आणि तो उजेड वजा करून रंग ठरवतो; छायाचित्रात तो अंदाज बांधण्याइतकी खूण नसली की दोन माणसांना दोन रंग दिसतात. निळा आणि सोनेरी ही जोडी नेमकी या फसगतीच्या रेषेवर उभी आहे. म्हणून छायाचित्राऐवजी कापडाचे बोटभर तुकडे पाकिटात घालून कुरियरने पाठवावेत, आणि आपल्या आया-आज्या करत तसे प्रत्येक कापड दुकानाच्या दाराशी उन्हात नेऊन पाहावे. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्यावे.

पडद्यासाठी साटिन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साटिन स्वतः चकाकते आणि झालरही चकाकते. दोघे एकाच वेळी बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही. निळे कापड निस्तेज पोताचे घ्यावे: जाड सुती, खादी, किंवा परवडत असेल तर मखमल, कारण मखमल उजेड गिळते आणि तिच्यासमोर पैठणीची जर उठून दिसते. छटा पैठणीच्या अंगाहून एक पायरी फिकी निवडावी, नाहीतर साडी पडद्यात विरघळेल आणि वधूचा चेहरा व हात तेवढे अधांतरी दिसतील. झालर आणि खुर्च्यांच्या फिती दोन्ही रद्द कराव्यात. व्यासपीठावर सोने हवेच, पण ते बाजारातून आणण्याची गरज नाही. घरातल्या आणि नात्यातल्या पितळी समया, घंगाळ, कळशा चिंचेने घासून दोन्ही बाजूंना मांडल्या तर त्यांच्यावर जे तेज येते, ते कोणत्याही सोनेरी कागदाला येत नाही. झेंडूच्या माळाही निळ्यासमोर अतिशय शोभतात, कारण केशरी हा रंगचक्रात निळ्याच्या समोर बसणारा रंग आहे. रंगवलेली निळी फुले मात्र टाळावीत. त्यांचा रंग हाताला लागतो आणि पाच मिनिटांत ती खोटी असल्याचे लहान मुलेसुद्धा सांगतात.

जावयांच्या शेरवानीबद्दल थोडक्यात सांगते. वधूच्या अंगावर जर आहे, तेव्हा वराच्या अंगावर ती नसावी. गडद निळा बंदगळा, त्याला सोनेरी गुंड्या आणि खांद्यावर जरीकाठी उपरणे एवढे पुरे आहे. किंवा मोतिया रंगाची शेरवानी आणि निळा फेटा. त्यांच्या घरच्यांनी कापड आधीच घेतले असेल, तर काही बोलू नये आणि वधूवरांना शेजारी उभे करताना पैठणीचा पदर वराच्या विरुद्ध खांद्याकडे आहे एवढेच पाहावे.

पत्रिकेत जे झाले तो छापखान्याचा दोष नसून पद्धतीचा परिणाम आहे. नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा एवढ्याच शाया असतात आणि त्यांच्यापासून चकाकी निर्माण होऊ शकत नाही. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे सोने हे पिवळ्या-तपकिरी छटांचे चित्र असते आणि कागदावर ते मोहरीच होते. खरे सोनेरी हवे असेल तर दोन वाटा आहेत. एक, धातूची भुकटी असलेली स्वतंत्र सोनेरी शाई, जी पाचवा रंग म्हणून छापली जाते. आणि दुसरी, गोल्ड फॉइल, म्हणजे तापवलेल्या ठशाने सोनेरी वर्ख कागदावर दाबून बसवणे. फॉइल महाग पडते, पण गडद निळ्या कागदावर तिला तोड नाही. निळा जांभळा होण्याचे कारण मॅजेंटा आहे: सायन पूर्ण आणि मॅजेंटाही जवळजवळ तितकाच ठेवला की निळा हमखास जांभळ्याकडे झुकतो, म्हणून मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवायला सांगावा. त्याहून सोपा उपाय असा की मुळातच निळा असलेला जाड कागद घ्यावा आणि त्यावर केवळ फॉइल करून घ्यावी, म्हणजे निळा छापण्याचा प्रश्नच उरत नाही.

फॉइल करताना देवनागरीची काळजी वेगळी घ्यावी लागते आणि हे बहुतेक पत्रिकांवर दुर्लक्षित राहते. बारीक अक्षरांतले अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांच्या आतल्या फटी वर्खाने बुजतात. ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतला फरक नाहीसा होतो आणि मग ‘ज्येष्ठ’ काका पत्रिकेत भलतेच कोणी होतात. म्हणून वधूवरांची नावे आणि वर गणपती एवढेच सोन्यात करावे, आणि मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांची नावे हलक्या मोतिया शाईत छापावीत किंवा आत पांढऱ्या कागदावर गडद निळ्यात घ्यावीत. व्हॉट्सॲपवरून पाठवायच्या पत्रिकेलाही हेच लागू आहे, आणि तेथे तर आकडेच मोजता येतात. संगणकावर नेहमी वापरली जाणारी सोनेरी छटा नेव्ही ब्लूवर ठेवली तर त्यांच्या तेजाचे गुणोत्तर सुमारे ७.६ ला १ येते. तीच छटा रॉयल ब्लूवर ठेवली तर ते २.३ ला १ इतके घसरते, आणि पांढऱ्यावर तर २.१ ला १. साध्या मजकुरासाठी वेबवरच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत किमान ४.५ ला १ मागितले आहे. म्हणजे लेकीला आवडलेल्या रॉयल ब्लूवर सोनेरी अक्षरे आपल्या सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता येणार नाहीत. गडद नेव्ही घेतला की त्याच अक्षरांचा प्रश्न सुटतो.

आता आईच्या पैठणीकडे येते. हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण वरची बरीचशी योजना तिच्यावरच उभी आहे. १९७१ सालच्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. इतक्या वर्षांनी तो मुलामा मंदावतो, खालची चांदी किंचित काळवंडते आणि जरीला एक शांत, तांबूस छटा येते. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा जरीत तांब्याची तार किंवा प्लॅस्टिकची चकाकती पट्टी असते, आणि तिचा पिवळा लिंबासारखा भडक असतो. ही दोन सोनी एकमेकांशेजारी ठेवली की नवे खोटे दिसते आणि जुने मळके, म्हणून लेहंग्याला जोडण्यासाठी जी नवी जर आणावी लागेल, तीच त्या पैठणीला मारक ठरेल. लेहंग्याचा घेर भरायला एका साडीचे कापड बहुधा पुरत नाही, हे लेकीच्या शिंपिणीलाही ठाऊक असेल. मग कळ्यांमध्ये दुसरे कापड जाईल, काठ तुकड्यातुकड्यांनी जोडला जाईल आणि पदरावरचे मोर कोठेतरी अर्धे कापले जातील.

तरीही मी सरसकट ‘कापू नका’ असे म्हणणार नाही, कारण रेशीम कायम टिकत नाही आणि ट्रंकेत विरून जाण्यापेक्षा अंगावर येणे कधीही बरे. निर्णय साडीच्या प्रकृतीवर सोडावा. सकाळच्या उन्हात खिडकीपाशी दोघींनी मिळून ती घडीघडीने उजेडासमोर धरावी. घड्यांच्या रेषांवर उजेडाचे बारीक ठिपके किंवा चिरा दिसल्या, किंवा घडी हलकेच ताणल्यावर रेशीम करकरून फाटू लागले, तर ती साडी नेसण्याजोगी राहिलेली नाही; अशा वेळी पदर आणि काठ अखंड उतरवून, मागे पातळ सुती अस्तर लावून त्यांचा शेला करावा, आणि लेकीने तो साध्या, बिनजरीच्या निळ्या रेशमी साडीवर किंवा लेहंग्यावरही घ्यावा. मोर अखंड राहतील आणि लेकीचा लेहंगाही होईल. रेशीम निरोगी असेल, तर साडी आहे तशी नेसवावी. त्याआधी ती घरी धुऊ नये, गडद निळा पाण्यात सुटू शकतो. जाणत्या माणसाकडून ड्रायक्लीन करून घ्यावी, इस्त्री उलट्या बाजूने आणि वर सुती कापड ठेवून करावी, जरीवर अत्तर फवारू नये, आणि फॉलसाठी नव्या चकचकीत कापडाऐवजी जुन्या निळ्याशी जुळणारे सुती कापड शोधावे.

लेकीने ती एकदा आरशासमोर नेसून पाहिली आहे का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. पुढच्या खेपेला ती मिरजेला आली की दिवसा, खिडकीच्या उजेडात, कुंकवी ब्लाउज आणि केवळ साज घालून तिला नेसवून पाहावी, आणि कात्रीचा विषय तोवर काढू नये.